बार्शी लाईट

आमची आजी आषाढीला बार्शी लाईटने पंढरपूरला जायची. मी म्हणालो, आपण पण त्याच गाडीने जाऊ. ती म्हणाली, "बाळा, ती कवाच बंद झाली." म्हणून मी गुरुजींना विचारले.

कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरने ही गाडी काढली. १८९७ साली ती बार्शी रोड, म्हणजे आताचे कुर्डुवाडी, ते बार्शी एवढीच धावली. १९०६ ला पंढरपूरला गेली, १९११ ला लातूरला आणि १९२७ ला मिरजेला. एकूण ३२५ किलोमीटर झाले. १९५४ साली ती सरकारने विकत घेतली.

तिचे दोन रूळ अडीच फुटांवर होते. मोठ्या गाडीचे साडेपाच फुटांवर असतात. गुरुजींनी व्हरांड्यात खडूने दोन्ही आखले. मी मधे आडवा झोपलो. छोट्यात माझे पाय बाहेर आले, मोठ्यात मावून जागा उरली. सगळे हसले. रूळ हलके होते, म्हणून एका आसावर ५ टनांच्या वर वजन येऊ देत नसत.

मग बंद का केली? कुर्डुवाडीला रुंद रूळ लागायचे. छोटा डबा त्यावर चालत नाही. तिथे पोती उतरवायची न् दुसऱ्या गाडीत भरायची. माणसांनी पण गाठोडी घेऊन गाडी बदलायची. म्हणून रूळ रुंद केले. लातूरकडचे २००८ पर्यंत झाले, मिरज-पंढरपूर २०११ पर्यंत.

आजी म्हणते, आमची गाडी लई हळू जायची, पण पायरी बुटकी होती. मोठ्या गाडीची पायरी तिला उंच पडते. यंदा आषाढीला मी तिचा हात धरणार आहे.