हिमस्खलन : ऊन पडले म्हणजे धोका टळला का?



वार्षिक परीक्षा संपल्या की घरोघरी मनाली, सिक्कीमचे बेत सुरू होतात. भोपाळच्या उन्हाने त्रासलेल्या आपल्याला बर्फ म्हणजे निव्वळ मौज वाटते. परंतु वसंत ऋतूत, अगदी स्वच्छ उन्हातही, डोंगरावरचा बर्फ एकाएकी घसरून खाली येऊ शकतो. यालाच हिमस्खलन म्हणतात.

असे का होते? हिवाळाभर डोंगरावर बर्फाचे थरावर थर साचतात. वसंतात दिवसा वरचा बर्फ वितळतो, पाणी आत झिरपते आणि थरांची एकमेकांवरची पकड सैल होते. रात्रीच्या थंडीत तेच पाणी गोठून उतार पुन्हा घट्ट होतो. म्हणूनच अनुभवी गिर्यारोहक पहाटेच निघतात व ऊन तापण्यापूर्वी धोक्याचा उतार ओलांडतात. रात्री ढग असले किंवा पाऊस झाला, तर बर्फ नीट गोठत नाही. मग सकाळचाही भरवसा धरता येत नाही.

धोक्याचा उतार कोणता? कंपासपेटीतले दोन्ही त्रिकोणी गुण्ये काढा. एकावर ३० अंशांचा कोन आहे, दुसऱ्यावर ४५ अंशांचा. बहुतेक मोठी हिमस्खलने या दोन कोनांमधल्या उतारांवर होतात. आपण सपाट रस्त्यावर उभे असलो, तरी वरचा उतार पाहावा. घसरलेला बर्फ पायथ्यापर्यंत येतो.

४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये, गंगटोकहून नाथू-लाकडे जाणाऱ्या जवाहरलाल नेहरू मार्गावर, भर दुपारी हिमस्खलन होऊन सात पर्यटक मृत्युमुखी पडले. परवाना तेराव्या मैलापर्यंतचाच असताना काही जण पंधराव्या मैलाकडे गेले होते, असे पोलिसांनी तेव्हा सांगितले.

घसरून थांबलेला बर्फ इतका घट्ट बसतो की हातांनी उकरता येत नाही. गाडलेल्या व्यक्तीला दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले तर वाचण्याची आशा चांगली असते. पुढे ती झपाट्याने कमी होते. इतक्या वेळात दूरची मदत सहसा पोहोचत नाही. म्हणून गिर्यारोहक शोधयंत्र, लांब सळई व फावडे जवळ बाळगतात.

पालक व विश्वस्तांना विनंती, की सहल ठरवताना चंदीगडच्या डीजीआरई संस्थेचे हिमस्खलनाचे इशारे व स्थानिक प्रशासनाच्या सूचना अवश्य पाहाव्यात. बर्फाळ भागातील फिरणे सकाळीच आटोपावे. आणि परवान्याची हद्द आली, की चालकाला "अजून थोडे पुढे घ्या" असा आग्रह कोणीही करू नये.