पहिले महायुद्ध : थांबता आले असते, तेव्हा कोणी थांबले नाही

पहिल्या महायुद्धाचे कारण विचारले, की बहुतेकांच्या ओठांवर एकच उत्तर येते : साराजेव्हो येथे ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला आणि युद्ध पेटले. शाळेच्या परीक्षेत या उत्तराला गुण मिळतात. पण ते अपुरे आहे. राजघराण्यातील व्यक्तींचे खून त्या काळी अपूर्व नव्हते. ऑस्ट्रियाच्याच सम्राज्ञी एलिझाबेथ यांचा १८९८ साली आणि इटलीचे राजे उंबेर्तो यांचा १९०० साली खून झाला होता. त्यातून युद्ध उद्भवले नाही. मग १९१४ सालीच एका खुनामुळे सारे जग का होरपळले? या प्रश्नाचे उत्तर साराजेव्होच्या रस्त्यावर नव्हे, तर त्यानंतरच्या सदतीस दिवसांत शोधावे लागते.

सुकलेले रान

ठिणगी पडण्यापूर्वी रान सुकलेले असावे लागते. १८७१ साली जर्मनीने फ्रान्सचा पराभव करून अल्सास व लोरेनचा बराचसा भाग हिरावून घेतला. तो सल फ्रान्सच्या मनातून गेला नाही. सूड उगवला जाईल या भीतीने जर्मनीने १८७९ साली ऑस्ट्रिया-हंगेरीशी करार केला. १८८२ साली इटली त्यात सामील झाली. उलट बाजूस फ्रान्स व रशिया १८९४ पर्यंत करारबद्ध झाले आणि १९०४ व १९०७ च्या समझोत्यांनी ब्रिटन त्यांच्या जवळ आले. हे करार संरक्षणासाठी आहेत, असे प्रत्येक जण म्हणत होता. प्रत्यक्षात एकाचे संरक्षण दुसऱ्याला आक्रमणाची तयारी वाटत होते. जर्मनी व ब्रिटन यांच्यात युद्धनौका बांधण्याची चढाओढ लागली, ती याच संशयापोटी.

बाल्कन प्रदेशात हा संशय अधिक धगधगता होता. ऑस्ट्रियाने १९०८ साली बोस्निया आपल्या साम्राज्यास जोडला. तेथील सर्ब जनतेला हे अमान्य होते. १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांत सर्बियाचा मुलूख जवळजवळ दुप्पट झाला आणि ऑस्ट्रियाला हा शेजारी डोळ्यांत सलू लागला.

सदतीस दिवस

२८ जून १९१४ रोजी युवराज फ्रान्झ फर्डिनांड व त्यांच्या पत्नी सोफी यांना गाव्रिलो प्रिन्सिप या एकोणीस वर्षांच्या बोस्नियन सर्ब तरुणाने गोळ्या घातल्या. सर्बियाला धडा शिकवण्यासाठी ऑस्ट्रियाने आधी जर्मनीचा कौल घेतला आणि ५ जुलै रोजी कैसर विल्हेल्म यांनी पाठिंब्याचे बिनशर्त आश्वासन दिले. २३ जुलै रोजी ऑस्ट्रियाने सर्बियाला निर्वाणीचा खलिता पाठवला. मुदत अवघी ४८ तासांची होती.

येथून पुढे थांबण्याची संधी तीनदा आली.

सर्बियाने जवळजवळ सर्व अटी मान्य केल्या. २८ जुलै रोजी ते उत्तर वाचून, आता युद्धाचे कारणच उरले नाही, असा शेरा खुद्द कैसरने मारला. परंतु त्याच दिवशी ऑस्ट्रियाने युद्ध पुकारले. ही पहिली संधी.

२९ जुलै रोजी रशियाचे झार निकोलस यांनी सैन्याच्या सार्वत्रिक जमवाजमवीस संमती दिली. त्याच रात्री कैसरची तार आली आणि त्यांनी तो हुकूम मागे घेतला. दुसऱ्या दिवशी मंत्री व सेनापती यांच्या आग्रहापुढे ते नमले आणि हुकूम पुन्हा सुटला. ही दुसरी संधी.

१ ऑगस्टला जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारले. फ्रान्स कदाचित तटस्थ राहील, अशी आशा त्या दिवशी कैसरला वाटली. सारे सैन्य पूर्वेकडे वळवावे, असे त्यांनी सेनाप्रमुख मोल्टके यांना सांगितले. वर्षभर खपून आखलेली योजना आयत्या वेळी बदलता येणार नाही, असे उत्तर मिळाले. रेल्वेगाड्यांची वेळापत्रके ठरली होती; सम्राटाच्या शब्दाहून ती बलवान ठरली. ही तिसरी संधी.

३ ऑगस्टला जर्मनीने फ्रान्सशी युद्ध जाहीर केले. ४ ऑगस्टला तिच्या फौजा बेल्जियममध्ये घुसल्या. १८३९ च्या तहाने ज्या देशाच्या तटस्थतेची हमी घेतली होती, त्याच्यासाठी ब्रिटन त्याच दिवशी युद्धात उतरले.

पहिल्या मोहिमा

सहा आठवड्यांत फ्रान्सला नमवायचे आणि मग रशियाकडे वळायचे, हा जर्मनीचा बेत होता. त्यासाठी बेल्जियमची वाट हवी होती. राजे आल्बर्ट यांनी ती नाकारली. लिएज शहराभोवतीचे बारा किल्ले १६ ऑगस्टपर्यंत झुंजले. पुढे दिनां गावी २३ ऑगस्टला सहाशेहून अधिक नागरिक ठार मारले गेले. २५ ऑगस्टच्या रात्री लुव्हेन येथील कॅथॉलिक विद्यापीठाचे ग्रंथालय जाळले गेले. त्या विद्यापीठात शिकवलेले कार्डिनल मर्सिए तेव्हा नवीन पोपमहोदयांच्या निवडीसाठी रोमला निघाले होते. परतल्यावर त्यांनी नाताळच्या सुमारास भाविकांना पत्र लिहून, परकीय सत्तेचा अंमल न्याय्य नाही, हे निर्भयपणे सांगितले.

फ्रान्सनेही आंधळेपणाने चढाई केली. २२ ऑगस्ट या एका दिवशी त्याचे सुमारे २७ हजार सैनिक मारले गेले. पूर्वेस रशियन सैन्य अपेक्षेपेक्षा लवकर आले. जर्मनीने पश्चिमेकडील दोन कोअर तिकडे धाडले. पण ते पोहोचण्यापूर्वीच टॅननबर्गची लढाई जिंकली गेली होती. सप्टेंबरच्या आरंभी मार्न नदीकाठी हेच सैन्य कमी पडले. पॅरिसच्या वेशीपर्यंत आलेली जर्मन फौज मागे हटली आणि सहा आठवड्यांचा हिशेब कोसळला. दोन्ही बाजूंनी खंदक खणले. वर्षअखेरीस ही खंदकांची रांग स्वित्झर्लंडच्या सीमेपासून उत्तर समुद्रापर्यंत पोहोचली. ज्या सर्बियाला धडा शिकवायचा होता, त्याने डिसेंबरमध्ये आपली राजधानी परत जिंकली.

साम्राज्याच्या या युद्धात आपली माणसेही ओढली गेली. ऑक्टोबर १९१४ मध्ये मुंबईहून जहाजे निघाली. ६ नोव्हेंबर रोजी 'पूना डिव्हिजन'ची पहिली ब्रिगेड आजच्या इराकमधील फाओ येथे उतरली. तिच्यात ११७ वी मराठा पलटण होती. इराणी तेलाच्या व्यापाराचे रक्षण हा त्या मोहिमेचा एक मुख्य हेतू होता. नोव्हेंबरअखेरीस बसरा हाती आले. विजय सोपा वाटला. याच डिव्हिजनला एप्रिल १९१६ मध्ये कूत येथे उपासमारीने शरण जावे लागले.

नाताळची हाक

पोप दहावे पायस २० ऑगस्ट १९१४ रोजी प्रभुवासी झाले. ३ सप्टेंबरला निवडले गेलेले पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी १ नोव्हेंबरच्या आपल्या पहिल्या परिपत्रकात युद्धाची मुळे सांगितली : माणसामाणसांतील प्रेमाचा अभाव, अधिकाराची अवहेलना, वर्गावर्गांतील अन्याय्य कलह आणि भौतिक संपत्तीलाच सर्वस्व मानणे. लढणाऱ्या दोन्ही बाजूंस ख्रिस्ताचे नाव घेणारे लोक होते, याचे त्यांना तीव्र दुःख होते. निदान नाताळपुरती तरी शस्त्रे खाली ठेवावीत, अशी विनंती त्यांनी डिसेंबरमध्ये केली. सरकारांनी ती मानली नाही.

सरकारांनी जे नाकारले, ते फ्लँडर्सच्या चिखलातील साध्या शिपायांनी काही ठिकाणी स्वतःहून केले. नाताळच्या आदल्या रात्री खंदकांतून गीते ऐकू आली. दुसऱ्या दिवशी हजारो सैनिक मधल्या मोकळ्या जागेत भेटले; त्यांनी एकमेकांना तंबाखू दिली आणि आपापले मृत पुरले. वरिष्ठांनी मनाई केली आणि गोळीबार पुन्हा सुरू झाला. युद्ध आणखी जवळजवळ चार वर्षे चालले. सुमारे नव्वद लाख सैनिक त्यात मरण पावले. त्यांत सत्तर हजारांहून अधिक भारतीय होते.

'परिस्थितीच तशी होती, आमचा नाइलाज झाला,' असे पुढे अनेक राज्यकर्त्यांनी म्हटले. इतिहास मात्र वेगळी साक्ष देतो. कैसरचा शेरा, झारचा मागे घेतलेला हुकूम आणि शिपायांनी पाळलेला नाताळ या तिन्ही गोष्टी सांगतात, की थांबणे शक्य आहे हे त्यांना कळले होते. कळूनही टिकून राहण्याचे धैर्य राजांना झाले नाही आणि शिपायांच्या हाती सत्ता नव्हती. कुटुंबातील वाद असो वा राष्ट्रांतील, 'आता माघार शक्य नाही' हे वाक्य कानी पडले, की ते कोण म्हणत आहे आणि त्याची किंमत कोण मोजणार आहे, हे आपण विचारलेच पाहिजे.