शपथेचं धनुष्य

दोस्तांनो, ‘हा सूर्य आणि हा जयद्रथ’ हे शब्द आजोबांच्या तोंडून तुम्ही नक्की ऐकले असतील. अभिमन्यू पडला, तेव्हा अर्जुनाने शपथ घेतली, ‘उद्या सूर्य मावळायच्या आत जयद्रथाला मारीन, नाही तर अग्निप्रवेश करीन!’ हातात गांडीव होतं, तरी दिवसभर सगळ्यांचा जीव टांगणीला लागला, तो त्या शपथेमुळे.

आज अशाच एका धनुष्याची ओळख करून घेऊ. फक्त हे पुराणातलं नाही, खेळातलं आहे.

खेळाचं नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांचा हा खेळ १९७४ साली आला. चार-पाच मित्र जमले, कागद-पेन्सिल आणि फासे असले की झालं! एक जण गोष्ट सांगत जातो, ‘तुम्ही जंगलात आहात. समोर राक्षस उभा आहे. काय कराल?’ बाकीचे कुणी योद्धा, कुणी जादूगार होऊन उत्तर देतात. वार लागला की हुकला, ते ठरवतो वीस बाजूंचा फासा.

या जगात एक जादूचं धनुष्य आहे, ‘ओथबो’, म्हणजे शपथेचं धनुष्य. बाण लावून दोरी ओढली, की ते एल्फ लोकांच्या भाषेत हळूच कुजबुजतं. (एल्फ म्हणजे टोकदार कानांचे, शेकडो वर्षं जगणारे लोक.) ज्याने तुमचं वाईट केलं, त्याच्यावर नेम धरून तुम्ही शपथ उच्चारलीत, की तो तुमचा ‘शपथेचा शत्रू’ झाला. तो मरेपर्यंत, नाही तर सातव्या दिवसाची पहाट होईपर्यंत.

मग काय होतं? २०१४ सालच्या नियमांप्रमाणे, त्याच्यावर बाण सोडताना एकाऐवजी दोन फासे टाकायचे आणि मोठा आकडा धरायचा. समजा, ११ किंवा जास्त पडायला हवेत. एका फाशाने शंभरात ५० वेळा जमेल, दोन फाशांनी ७५ वेळा! शिवाय बाण लागला, तर साध्या सहा बाजूंच्या तीन फाशांइतकी जादा इजा.

वा, मजाच की! पण थांबा. शपथेला किंमत असते.

तो शत्रू जिवंत आहे तोवर दुसऱ्या कुठल्याही शस्त्राने वार करताना दोन फासे टाकून लहान आकडा धरावा लागतो. म्हणजे शंभरात ५० चे झाले २५! आता बघा हं. शत्रू पळून डोंगरात लपला. इकडे लांडगा तुमच्या मित्रावर झेपावला आणि मग तुमच्या अंगावर आला. इतक्या जवळून बाण नीट मारता येत नाही आणि तलवार उपसली तर शपथ आडवी येते. रागाच्या भरात शपथ घेतली तुम्ही, संकटात पडला मित्र!

अर्जुनाचंही एकदा असंच झालं होतं. ‘गांडीव दुसऱ्याला देऊन टाक, असं जो म्हणेल त्याला मारीन’ अशी त्याची गुप्त प्रतिज्ञा होती. कर्णाच्या बाणांनी घायाळ झालेला युधिष्ठिर चिडून नेमकं तेच बोलला. अर्जुनाने भावावर तलवार उपसली! तेव्हा कृष्णाने वाट काढली. वडीलधाऱ्या माणसाला अरे-तुरे करणं म्हणजे त्याला मारण्यासारखंच आहे, म्हणून फक्त तेवढं कर, असं त्याने सांगितलं. शपथही राहिली, भाऊही वाचला. खेळात मात्र कृष्ण नसतो. सात दिवस निमूट काढावे लागतात.

विश्वास बसत नसेल, तर घरातले लुडोचे दोन फासे घ्या. दोन्ही एकदम टाका. चाळीस वेळा मोठा आकडा लिहा, चाळीस वेळा लहान. ४ किंवा त्याहून जास्त किती वेळा आले, ते मोजा. बाबांनाही बसवा सोबत. साधारण तीस आणि दहा यांच्या आसपास उत्तर येईल.

आणि पुढच्या वेळी भांडणात तोंडातून ‘आईशप्पथ, बघूनच घेतो तुला!’ निघायला लागलं, तर आधी हे दोन फासे आठवा. काय?