एक गुंठा घरासाठी



आपल्या ऊसपट्ट्यातला एक देखावा परक्या माणसाला चमत्कारिक वाटेल. गावाच्या चारी अंगांनी हिरवागार ऊस, विहिरीला पाणी, गोठ्यात दोन म्हशी. आणि आठवडी बाजाराच्या दिवशी हीच बागायतदार मंडळी पिशव्या घेऊन भाजीवाल्याच्या पालापुढे उभी! मेथी विकत, कोथिंबीर विकत, कढीपत्त्याची काडीसुद्धा विकत. उसानं आपल्याला पक्की घरं दिली, पोरांची शिक्षणं केली, हे कोण नाकारील? पण बांधापर्यंत ऊस लावता लावता परड्यातला भाजीचा वाफा कधी नाहीसा झाला, ते कळलंच नाही.

हे लिहायचं कारण असं, की अलीकडं आपल्या तरुण सभासदांच्या घरांत, विशेषतः जिथं नुकताच पाळणा हलला आहे तिथं, ‘आता सेंद्रिय खायचं, नैसर्गिक राहायचं’ अशी भाषा ऐकू येते. गोष्ट चांगली आहे. मात्र शहरातल्या दुकानात दर विचारला की उत्साह जागच्या जागी विरतो. सेंद्रिय डाळ, सेंद्रिय तेल, सेंद्रिय गूळ, सगळं नेहमीच्या मालापेक्षा चढ्या भावानं. महिन्याचा सगळा बाजार तसा करायचा म्हटलं तर उसाचा हप्ता त्यातच जिरायचा. मग ‘हे श्रीमंतांचे चोचले’ म्हणून माणूस पुन्हा जुन्या वाटेला लागतो. आमचं म्हणणं एवढंच, की यातला बराच भाग ऊस शेतकऱ्यानं विकत घ्यायचा नसतोच. पैसा लागतो तो शहरातल्या माणसाला. आपल्याला लागतो एक गुंठा आणि थोडी हातपाय हलवायची तयारी.

हिशेबच मांडू. एकरी ४० टन उत्पादन धरलं तर गुंठ्याला एक टन ऊस. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारनं ठरवलेला रास्त व किफायतशीर दर १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये. त्यातून तोडणी-वाहतूक वजा. मग बेणं, खत, पाणीपट्टी, मजुरी. हातात काय राहतं ते ज्याचं त्यानं बघावं, आणि तेही बारा ते अठरा महिन्यांनी. आता चार माणसांच्या घरात रोज नुसती पन्नास रुपयांची भाजी धरा. वर्षाला १८,२५० रुपये झाले. गुंठ्यातून सगळी भाजी निघेल असं नाही. निम्मी निघाली तरी नऊ हजार वाचले. शिवाय एका गुंठ्याच्या उसावाचून गव्हाण काही रिकामी पडत नाही!

पण वाफे पाडायच्या आधी एक काम आहे, त्याला दमडीही लागत नाही. ते म्हणजे घरात असलेलं विष घराबाहेर काढणं. आपल्या किती घरांत माजघराच्या कोनाड्यात किंवा धान्याच्या पोत्यामागं औषधाच्या अर्धवट बाटल्या पडलेल्या असतात? रांगणाऱ्या पोराचा हात बरोबर तिथं पोचतो. बाटलीवर रंगीत चौकोन असतो. त्यातला लाल सर्वांत जहाल, त्याच्या खालोखाल पिवळा, मग निळा आणि हिरवा. लाल-पिवळा असला तर घरात ठेवण्याचा प्रश्नच नाही. पण निळा-हिरवाही काही सरबत नव्हे. उसातल्या हुमणीसाठी आपण वर्षानुवर्षं वापरलेलं फोरेट, म्हणजे आपलं थायमेट, आणि ढेकूण-गोचिडांसाठी घरोघर असलेलं डायक्लोरव्हॉस म्हणजे नुवान, या दोन्हींची विक्री व वापर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद झाला आहे. तरी जुन्या पुड्या, जुन्या बाटल्या अडगळीत निघतात. औषधाचा रिकामा डबा धुऊन त्यात पाणी, तेल, बियाणं ठेवायची सवय तर आजच मोडावी. डबा कितीही धुतला तरी त्यातलं औषध सगळं निघत नाही. भोक पाडून तो निकामी करावा, म्हणजे दुसरं कुणी वापरणार नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी-मजूर दगावले, ते सगळे हीच औषधं रोज हाताळणारे होते. फवारून आलेल्या कपड्यांनी लेकराला उचलून घेणाऱ्या बापानं हे ध्यानात ठेवावं. आधी हातपाय धुवावेत, कपडे वेगळे टाकावेत.

दुसरं विष धान्यात. गहू किडू नये म्हणून पोत्यात ज्या गोळ्या टाकतात, त्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या. हवेतला ओलावा लागला की त्यातून जो वायू सुटतो, तो बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा जीव घेतो. ही वस्तू प्रशिक्षित माणसानंच वापरायची आहे. झोपायच्या खोलीत पोतं आणि पोत्यात गोळी हे कधीही नको. पाऱ्याच्या गोळ्याही तशाच टाळाव्यात. आपल्या आज्या काय करत? उन्हाळ्यात धान्य कडकडीत वाळवायचं, गव्हाला-डाळीला एरंडेलाचा हात फिरवायचा, वाळलेला कडुनिंबाचा पाला घालायचा, कडधान्यात चाळलेली राख. वर्षाच्या धान्याला एरंडेल असं किती लागणार?

आता गुंठ्याकडं वळू. तेहतीस फूट बाय तेहतीस फूट जागा. ती घराजवळ असावी, मोरीचं नाहीतर विहिरीचं पाणी तिथं पोचावं आणि कोंबड्या-शेळ्यांपासून कूड घालता यावा. एक गोष्ट मात्र नीट बघावी. उसातल्या रुंद पानांच्या तणांवर आपण टू-फोर-डी मारतो. वाऱ्यावर त्याचा उडालेला फवारासुद्धा टोमॅटो, वांगी, घेवडा, भेंडी यांना पुरतो. पानं वळतात, पिळवटतात, झाड खुंटतं. लोक म्हणतात व्हायरस आला! म्हणून वाफे उसापासून हातभर नव्हे तर चांगले लांब असावेत, तणनाशक वारा पडलेला असताना मारावं आणि तणनाशकाचा पंप भाजीसाठी कधीच वापरू नये. परड्यासाठी जुना असो, छोटा असो, पण वेगळा पंप ठेवावा.

खताची तर आपल्याकडं खाणच आहे. तोडणी झाल्यावर एकरी तीन ते चार टन पाचट रानात पडतं आणि अजूनही कितीतरी जण त्याला काडी लावतात. जाळलं की त्यातला नत्र, सगळं सेंद्रिय द्रव्य धुरात गेलं. धूर गेला गावात, पाळण्यातल्या पोराच्या छातीत. खोडव्यात पाचट सरीत कुजवायची शिफारस आपण सर्वांनी ऐकली आहे: टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू. परड्यासाठी युरियाऐवजी शेणकाला वापरावा. दोन-तीन भारे पाचट तोडून खड्ड्यात थर द्यावेत, प्रत्येक थरावर शेणकाला आणि थोडी माती, वर ओलावा टिकेल असं झाकण. पाचटात कर्ब फार आणि नत्र थोडा, त्यामुळं ते सावकाश कुजतं. अर्धवट कुजलेलं वाफ्यात घातलं तर उलट रोपांचाच नत्र ओढून घेतं आणि पानं पिवळी पडतात. काळंभोर, मातीचा वास येणारं झालं म्हणजे तयार. मधल्या काळात कोरडं पाचट रोपांच्या बुडाशी अंथरावं. पाणी कमी लागतं, तण येत नाही. प्रेसमड मिळत असेल तर तोही पूर्ण कुजलेलाच घ्यावा. ताजा गरम पडतो.

जीवामृत करायचं त्यांनी जरूर करावं. एकरी २०० लिटर म्हणजे गुंठ्याला पाच लिटर, बादलीतलं काम. कुठली पद्धत खरी, गांडूळखत की जीवामृत, यावर पारावर वाद घालण्यात अर्थ नाही. शेण दोन्हींत आहे. कीड आली तर पाच टक्के निंबोळी अर्क: अर्धा किलो निंबोळीची पूड रात्रभर पाण्यात भिजवून, सकाळी फडक्यातून पिळून दहा लिटर करायचं, थोडा साबण घालायचा आणि त्याच दिवशी संध्याकाळी फवारायचं. निंबोळ्या उन्हाळ्याच्या शेवटी झाडाखाली फुकट पडलेल्या असतात.

मागे गट कचेरीत एका तरुण सभासदानं एका जुन्या संचालकांपुढं मनातली गोष्ट काढली. “अण्णा, सगळं रान सेंद्रिय करायची माझी ऐपत न्हाई. सोसायटीचं कर्ज हाय. मग नुसतं परड्यापुरतं करायचं म्हंजे आपल्याला अमृत आन् जगाला विष, असं न्हाई व्हत?”

अण्णा जरा थांबले. म्हणाले, “फसवणूक तवा हुईल, जवा तू बाजारात न्यायच्या वांग्यावर आज फवारशील आन् उद्या तोडशील. पोराच्या ताटातलं आधी नीट कर. तिथं जे शिकशील ते हळूहळू खोडव्यात उतरव. दोन्ही एकदम धरायला जाशील तर दोन्ही सुटंल, बाबा.”

आम्हाला हे पटतं. भाजीवर मोनोक्रोटोफॉस वापरायला २००५ सालीच बंदी आली, तरी लेबल न वाचता मिळेल ते मारणारे आहेतच. फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस जायला हवेत ते लेबलावर लिहिलेलं असतं. विकायची भाजी करणाऱ्यानं ते पाळलं, तर शेजारच्या पोराचीही काळजी घेतल्यासारखं आहे.

लावायचं काय? सुरुवातीला पालेभाज्या: मेथी, पालक, लाल माठ, शेपू, अंबाडी. तीन-चार आठवड्यांत ताटात येतात, त्यामुळं घरच्यांचा विश्वास बसतो. मग भेंडी, गवार, वांगी, टोमॅटो, कुडावर दोडका, घेवडा. कडेला शेवगा, कढीपत्ता, लिंबू. मोरीच्या पाण्यावर दोन केळी आणि पपई. बियाणं शक्यतो देशी, सरळ वाणाचं घ्यावं म्हणजे पुढच्या वर्षी घरचंच धरता येतं. संकरिताचं धरलं तर पुढच्या पिढीत गुण फुटतात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाण्यांच्या जतनासाठी २०२० सालची पद्मश्री जाहीर झाली. त्यांचं काम परसबागेतल्याच वालाच्या, घेवड्याच्या बियांचं. आणि कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्रीपाद दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा करून दहा गुंठ्यांत कुटुंबाचं पोषण कसं होईल, याचा हिशेब मांडला. आपण तर एकाच गुंठ्याची गोष्ट बोलतो आहोत.

उरलेलं उसातच घेता येतं. आडसालीत भुईमूग, पूर्वहंगामीत हरभरा किंवा कांदा, सुरूत मेथी-कोथिंबीर ही आंतरपिकं जुनीच आहेत. मात्र आंतरपीक असलेल्या पट्ट्यात तणनाशक चालत नाही, खुरपणच करावं लागतं. घरच्या शेंगा घाण्यावर नेऊन तेल काढून घेतलं की तेलाची चिंता अर्धी मिटली. तेल मुळात कमी खावं, हे वेगळं.

गुळाबद्दल बोलायलाच हवं. पिवळाधमक, सोन्यासारखा गूळ दिसला की बायामाणसं खूष होतात. तो रंग पुष्कळदा हायड्रॉस पावडरीचा असतो. गुळात गंधकाच्या वायूचा अंश दशलक्षाला ७० भागांच्या वर असू नये असा नियम आहे, पण डोळ्यांना ते कसं दिसणार? भेंडीच्या चिकानं मळी काढलेला गूळ तांबूस-काळसर होतो. गुऱ्हाळवाला ओळखीचा असेल तर आपल्या उसाची एक काहील तशी काढून घ्यावी. आणि एक कानगोष्ट, कारखान्याच्या अंकात छापणं थोडं अवघड आहे: साखर असो की गूळ, लहानग्याच्या जिभेला दोन वर्षांपर्यंत त्याची चटक लावू नये. आपण पोत्यानं पिकवतो म्हणून पोत्यानं खायची नसते. बाळाला वरचं अन्न सुरू झालं की नाचणीचं सत्त्व, मुगाची खिचडी, परड्यातली पपई द्यावी. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. आणि डेअरीला सगळं दूध घालून पोरांना बिस्किट आणि चहा, हा व्यवहार कुणाच्या फायद्याचा?

साबण, शांपू, मंजन यांच्या नादी फार लागू नये. शिकेकाई, रिठा, जुन्या सुती धोतराचे लंगोट, लोखंडी तवा, एवढ्यावर पुष्कळ भागतं.

पाण्याकडं मात्र नीट लक्ष हवं. आपल्या विहिरींत युरियाचा नत्र उतरतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलीग्रॅमच्या वर असेल तर सहा महिन्यांच्या आतल्या, वरचं दूध पिणाऱ्या बाळाला धोका असतो. अंग निळं पडतं. आणि उकळल्यानं नायट्रेट जात नाही, पाणी आटून उलट वाढतं. विहिरीचं पाणी एकदा तपासून घ्यावं. जंतूंसाठी उकळणं किंवा क्लोरीन हवंच. नैसर्गिक म्हणून कच्चं दूध पाजू नये, वर्षाच्या आत मध चाटवू नये, आयोडीनचं मीठ सोडू नये आणि लस तर चुकवूच नये. सहा महिने फक्त आईचं दूध; त्याच्याएवढं नैसर्गिक आणि स्वस्त दुसरं काही नाही. त्यासाठी त्या आईला पोटभर जेवण आणि दुपारची थोडी पाठ टेकायला मिळाली पाहिजे, हे सासूबाईंनी आणि कारभाऱ्यांनी दोघांनी बघायचं.

एवढं करूनही काही वस्तू विकत घ्याव्या लागतील. पाकिटबंद माल ‘सेंद्रिय’ म्हणून घेताना त्यावर ‘जैविक भारत’ची खूण बघावी, २०१७ च्या नियमांनुसार ती असते. नुसतं हिरवं पाकीट आणि पानाचं चित्र याला किंमत देऊ नये. ओळखीच्या शेतकऱ्याकडून थेट डाळ-तांदूळ घेता आले तर ते परवडतंही आणि त्याच्या रानात जाऊन बघताही येतं.

सुरुवात कधी करावी, असं विचाराल तर तुमच्या प्लॉटची तोड झाली की त्याच आठवड्यात. पाचट तेव्हाच ओलसर, मुबलक आणि फुकट असतं. डिसेंबर-जानेवारीत भरलेला खड्डा पहिल्या पावसापर्यंत वापरण्याजोगा होतो, आणि तोवर जुन्या उकिरड्याचं कुजलेलं खत चाळून दोन वाफे मेथीचे, एक पालकाचा लगेच टाकता येतो.