हिमाखालचा हिरवा गालिचा

आपल्या परसातल्या सदाफुलीला जुनी पुस्तके 'व्हिंका रोझिया' म्हणत. आता ती 'कॅथरँथस रोझियस' झाली. पण तिच्याच कुळातल्या एका युरोपीय नातलगाने 'व्हिंका' हे नाव राखले आहे. ही 'व्हिंका मायनर'. जर्मन लोक तिला 'इमरग्र्यून', म्हणजे सदाहरित म्हणतात. वीतभर उंचीची, पेरापेरांशी मुळे धरत जमीन झाकणारी ही वनस्पती उणे २० अंश सेल्सियसच्या हिवाळ्यातही हिरवी राहते. आपल्या सदाफुलीची पाने मात्र पारा शून्याखाली गेला की काळवंडतात.

हा फरक कशामुळे? शरदात दिवस लहान होऊ लागतात, गारवा वाढतो, तशी व्हिंकाच्या पेशींतली शर्करा वाढते आणि पेशीपटलातील मेदद्रव्येही बदलतात. पुढे बर्फ होतो तो पेशींच्या आत नव्हे, तर पेशींमधल्या पोकळ्यांत. तो पेशीतले पाणी बाहेर ओढून घेतो. पेशी आक्रसते, पण फाटत नाही. थोडक्यात, गोठणे सोसायचे म्हणजे कोरडे पडणे सोसायचे.

म्हणूनच वसंतात पाने तपकिरी दिसली, की 'थंडीने गेली' म्हणण्याची घाई करू नये. बरेचदा ती तहानेने गेलेली असतात. ताज्या हिमात सुमारे ९० टक्के हवाच असते. त्याच्या जाड दुलईखाली जमिनीलगतचे तापमान शून्याच्या आसपास टिकते. हिम नसेल तर ऊन आणि वारा पानांतले पाणी पळवतात, आणि गोठलेल्या मातीतून मुळांना ते मिळत नाही. जाणते माळी जमीन गोठण्यापूर्वी भरपूर पाणी देतात आणि वर पाइनच्या फांद्या पसरतात.

जर्मनीत असताना आम्ही ही रोपे नोव्हेंबरअखेर लावली. फेब्रुवारीत पाहतो तो निम्मी रोपे मुळांसकट वर आलेली! माती गोठताना खालचे पाणी वर ओढले जाऊन बर्फाचे पापुद्रे बनतात आणि माती रोपाला घेऊन फुगते. बर्फ वितळल्यावर माती खाली बसते, रोप वरच राहते. पाच-सहा आठवडे आधी लावली असती, तर मुळांनी माती धरली असती.

वर्गात सदाफुलीच्या दोन डहाळ्या घ्याव्यात. एक रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवावी, दुसरी सावलीत थोडी कोमेजू द्यावी. मग दोन्ही पाण्यात ठेवाव्यात. कोमेजलेली ताठ होते. गोठलेली होत नाही. पाणी तर दोघींनाही मिळाले होते. मग असे का, हे विद्यार्थ्यांनाच विचारावे.