सल्ला देणाराची झोळी

दहावीचा निकाल लागला की आपल्या ट्रस्टच्या कचेरीत शिष्यवृत्तीच्या अर्जांबरोबर एक प्रश्नही येतो. "सर, आता पुढं काय घ्यावं?" टेबलाच्या एका बाजूस मूल, त्याच्या मागे आई किंवा काका, आणि दुसऱ्या बाजूस आम्ही. संपादक मंडळाने या कामाविषयी लिहावयास सांगितले तेव्हा अभ्यासक्रमांची यादी देणे सोपे होते. पण ती हल्ली कोणाच्याही मोबाइलवर मिळते. टेबलाच्या आमच्या बाजूस बसणाऱ्या माणसाविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. म्हणून त्याच्याविषयीच लिहीत आहोत.

ज्याला आज आपण समुपदेशन म्हणतो, त्याच्या शाळकरी शाखेचा उगम सामान्यतः बोस्टन शहरात मानतात. तेथे १९०८ साली फ्रँक पार्सन्स या गृहस्थांनी, परदेशांतून आलेल्या कष्टकरी कुटुंबांच्या वस्तीत, तरुणांना व्यवसाय निवडण्यास साहाय्य करणारी कचेरी उघडली. त्याच वर्षी ते वारले. त्यांचे पुस्तक पुढील वर्षी निघाले. त्यांचे म्हणणे साधे होते. मुलाने स्वतःस ओळखावे, धंद्यांची माहिती करून घ्यावी, आणि दोहोंचा मेळ विचाराने घालावा. आपल्याकडे मुंबईत पारशी पंचायतीने १९४७ साली असे केंद्र काढले. एका समाजाच्या धर्मादाय संस्थेने हे केले, हे या स्मरणिकेच्या वाचकांस मुद्दाम सांगावेसे वाटते. पुढे १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांतून मार्गदर्शनाची सोय असावी अशी शिफारस केली.

या साऱ्या मांडणीत सल्ला देणारा कोठे आहे? तो जणू स्वच्छ काच आहे, त्यातून मुलाने आपले भवितव्य पाहावयाचे, एवढेच. वस्तुतः तोही कोणत्या तरी घरात जन्मलेला, कोणती तरी भाषा बोलणारा, कशाची तरी लाज आणि कशाचा तरी अभिमान बाळगणारा माणूस असतो. वैद्याच्या स्वतःच्या भावना उपचारात शिरतात हे फ्रॉइडने १९१० सालीच सांगितले होते. पण त्याचे बोट एकेका वैद्याच्या मनाकडे होते, त्याच्या समाजातील जागेकडे नव्हते. ते दुसरे सांगितले गिल्बर्ट रेन या अमेरिकन प्राध्यापकाने, १९६२ साली. त्याच्या मते समुपदेशक कित्येकदा आपल्या संस्कृतीच्या कोषात बंद असतो आणि आपल्या कोषाची भिंत हेच जगाचे टोक असे समजून इतरांस सल्ला देतो. रेशमाचा किडा डोळ्यांपुढे आणावा, म्हणजे त्याचे म्हणणे कळते.

असा सल्ला काय करतो याचे एक उदाहरण आम्ही आमच्या वर्गात नेहमी सांगतो. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात मेसन नावाच्या गावी माल्कम नावाचा एक काळा मुलगा गोऱ्या मुलांच्या शाळेत शिकत होता. अभ्यासात वरच्या क्रमांकांत. सातवीत वर्गाने त्यालाच अध्यक्ष निवडलेले. आठवीत त्याच्या एका शिक्षकांनी विचारले, पुढे काय होणार? तो म्हणाला, वकील. शिक्षकांनी त्यास समजाविले की त्याच्यासारख्याने वास्तव ओळखावे; हाताचे कसब चांगले आहे, तेव्हा सुतारकाम पाहावे. ते शिक्षक त्या मुलाचा द्वेष करीत नव्हते, हे स्वतः माल्कमनेच पुढे नमूद केले आहे. पण त्याच्याहून कमी गुणांच्या गोऱ्या मुलांना त्यांनी उत्तेजन दिले होते. मुलाचे शाळेवरील मन उडाले ते कायमचे. पुढे तोच माल्कम एक्स म्हणून जगास ठाऊक झाला; त्याचे आत्मचरित्र १९६५ साली, त्याच्या हत्येनंतर काही महिन्यांनी, प्रसिद्ध झाले. आम्ही ते प्रथम वाचले तेव्हा साहजिकच मुलाच्या बाजूने वाचले. शिक्षकाच्या बाजूने वाचावयास आणखी पंधरा वर्षे लागली.

पूर्वग्रह हा शब्द आपणां सर्वांस परिचित आहे. इंग्रजीत ज्याला प्रिव्हिलेज म्हणतात त्याला मात्र मराठीत नेमका शब्द नाही. विशेषाधिकार म्हटले की संस्थानिकांचे तनखे आठवतात, आणि ते तर १९७१ सालीच गेले. पेगी मॅकिन्टॉश या अमेरिकन विदुषींनी १९८८ साली याचा अर्थ फार सोपा करून दिला. पाठीवर एक न दिसणारी झोळी असते. तिच्यात न कमावलेले फायदे भरलेले असतात. आणि ज्याच्या पाठीवर ती असते त्यास तिचे ओझे जाणवत नाही, उलट चालणे हलके वाटते. बाईंनी गोऱ्या वर्णामुळे आपणांस रोज काय काय आयते मिळते याची यादी स्वतःच्याच जीवनातून केली.

ती यादी वाचली तेव्हा आम्हांस वाटले, हे आपल्याला लागू नाही. आम्ही मुसलमान, घरी दखनी बोलणारे, शाळेत मराठी शिकविणारे, सरकारी अर्ज कन्नडमध्ये भरणारे. आमच्या झोळीत असणार काय? पण कागद घेऊन बसलो. पहिलेच वाक्य सुचेना. मग लिहिले: बी.एड. होईपर्यंत घरी पाणी कोणी भरले ते आम्हांस आठवत नाही. थोरल्या बहिणीने भरले असावे. ती सातवीतून शाळेतून निघाली. त्यानंतर कागद भरावयास वेळ लागला नाही.

त्याच सुमारास आमची मार्गदर्शनाची जुनी वही उघडली. वडगावच्या विणकर वस्तीतील एक मुलगी गणितात पहिली आलेली. तिने स्थापत्य अभियांत्रिकीचा डिप्लोमा करावयाचा म्हटले होते. आम्ही तिला विचारले, "रोज एवढ्या लांब जाणार कोण, बाळ?" आणि डी.एड. सुचविले. ती "बरं सर" म्हणाली. वहीत मागेपुढे पाहिले, तर जवळजवळ साऱ्या मुलींच्या नावांपुढे डी.एड., नर्सिंग, नाहीतर बी.कॉम. मुलग्यांस प्रवासाचा प्रश्न एकदाही विचारलेला नव्हता. आम्ही कोणाचेही वाईट चिंतिले नाही. मेसनच्या त्या शिक्षकांनीही चिंतिले नव्हते.

यावर कोणी म्हणेल की मग ज्याने त्याने आपल्याच समाजाच्या मुलांस सल्ला द्यावा. हा उपाय आम्हीही करून पाहिला आहे. आमच्याच मोहल्ल्यातील एक मुलगा म्हणाला की त्याला गॅरेजचे काम शिकायचे आहे. गॅरेज हा शब्द कानी पडताच आमच्यातला शिक्षक जागा झाला. मुसलमानांच्या पोरांनी पाने-पक्कडच धरायची काय, शिक्षणात आपण किती मागे, असे चांगले अर्धा तास बोललो. तो मान खाली घालून ऐकत होता. जाताना हळूच म्हणाला, "सर, घर कू आऊँ क्या?" आम्ही "हो, ये की" म्हटले, तो आला नाही. वाणिज्य शाखेत घातला, वर्ष फुकट गेले. नंतर आमच्या एका हिंदू सहकाऱ्यापाशी त्याने मन मोकळे केले. त्याला शाळा सोडावयाची नव्हतीच; आय.टी.आय.चा मोटर मेकॅनिकचा रीतसर अभ्यासक्रम करावयाचा होता. त्या परक्या माणसास गॅरेजची लाज नव्हती, म्हणून त्याने पुढचे वाक्य ऐकून घेतले. लाज आमची होती, वर्ष त्याचे गेले.

उलट दिशेचाही अनुभव सांगावयास हवा. एकदा एक पालक मुलासह आले. आमचे नाव कळताच त्यांचा चेहरा किंचित बदलला, बोलणे मोजके झाले. अशा वेळी माणसाच्या आत काय होते ते ज्याला अनुभव आहे त्यास सांगावयास नको. आम्ही रागावलो नाही. त्याहून वाईट केले. आपण भला माणूस आहोत हे त्या गृहस्थांस पटावे म्हणून ते जे जे म्हणाले त्याला त्याला होकार दिला. त्यांना मुलगा सायन्सला हवा होता. मुलाच्या डोळ्यांत स्पष्ट नकार होता आणि तो आम्ही पाहिला होता. समोरच्याच्या पूर्वग्रहाची किंमत अशी तिसराच कोणी मोजतो. अल्पसंख्य समुपदेशकाच्या कामातील हा भाग पुस्तकांत कमी आढळतो, पण आमच्या मते फार महत्त्वाचा आहे.

काच स्वच्छ करता येते काय? पूर्णपणे नाही. पण प्रयत्नाचे एक उदाहरण आपल्याच देशात, नजीकच्या काळात घडले. २०२१ साली मद्रास उच्च न्यायालयात दोन तरुणींचे प्रकरण आले. त्या एकमेकींसोबत राहू इच्छीत होत्या आणि घरच्यांचा विरोध होता. न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी निकाल देण्यापूर्वी उघडपणे कबूल केले की या विषयात त्यांचे स्वतःचे मन पुरते मोकळे नाही. म्हणून ते स्वतः एका मानसशास्त्रज्ञ बाईंसमोर शिकावयास बसले, आणि मगच ७ जूनचा आदेश लिहिला. अशा व्यक्तींस औषधोपचाराने बदलण्याचे प्रयत्न बंद व्हावेत असे त्यांनी त्यात म्हटले. २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार हा व्यावसायिक गैरवर्तणुकीचा प्रकार ठरविला. कोणास तो निकाल रुचेल, कोणास रुचणार नाही. आम्हांस त्यातील क्रम महत्त्वाचा वाटतो. निवाडा करणाराने आधी स्वतःस तपासले, तेही चारचौघांत.

आमच्या टेबलापाशी एवढे मोठे काही घडत नाही. आम्ही फक्त काही सवयी बदलल्या. पहिला प्रश्न आता असा, "कुठल्या भाषेत बोलूया?" आपल्या बेळगावात घरची भाषा एक, शाळेची दुसरी, बाजाराची तिसरी, मूल खरे दुःख बहुधा घरच्या भाषेत सांगते. मुलीस जो प्रश्न विचारतो तोच मुलग्यास विचारतो, प्रवासाचासुद्धा. पालक बोलून झाल्यावर दहा मिनिटे त्यांस बाहेर चहास पाठवितो. हे काहींस आवडत नाही. आणि दर मार्चमध्ये ती वही एका सहकारी बाईंकडे वाचावयास देतो. गेल्या वर्षी त्यांनी तीन नावांखाली लाल रेघ मारली. त्यांपैकी दोन मुलांस आम्ही परत बोलावून घेतले. तिसरे कुटुंब गाव सोडून गेले होते.

यंदाही निकालानंतर शनिवारी दुपारी आम्ही व त्या सहकारी बाई, दोघेही कचेरीत बसणार आहोत. ज्या मुलास किंवा मुलीस आमच्याऐवजी त्यांच्याशी बोलावयाचे असेल, त्याने दारातल्या शिपाईमामांस तसे सांगावे. कारण विचारले जाणार नाही.