कर्जाचा सल्ला तपासून कसा घ्यावा?

जून उजाडला की रायगडच्या किनाऱ्यावर होड्या शाकारल्या जातात. जून-जुलै मासेमारी बंद. बंदी उठल्यावर होडी पुन्हा पाण्यात लोटायची तर जाळी, इंजिनाची दुरुस्ती, डिझेल, बर्फ, खलाशांची उचल या सगळ्याला आधी पैसा लागतो, आणि तो हातात नसतो. थळ, रेवदंडा, कोर्लई, मुरूड, श्रीवर्धन, कुठेही जा, घरोघरी कर्जाचा विषय याच दिवसांत निघतो. मग सल्लेही येतात. कुणी बचत गटाच्या बैठकीत सांगतो, कुणी मोबाईलवर पाठवतो, कुणी बँकेच्या दारातच गाठतो. सल्ला देणाऱ्याची नियत बहुतेक वेळा चांगलीच असते. तरी तो चुकीचा असू शकतो आणि त्याची किंमत घेणाऱ्यालाच मोजावी लागते.

या किनाऱ्याने हे २०२० साली अनुभवले आहे. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ इथेच धडकले. श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. त्या वेळी कोविडमुळे रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या हप्त्यांबाबत सवलत जाहीर केली होती, आधी मार्च ते मे आणि मग ३१ ऑगस्टपर्यंत. अनेकांनी तिचा अर्थ ‘हप्ते माफ’ असा घेतला. प्रत्यक्षात ती हप्ता पुढे ढकलण्याची मुभा होती, व्याज चालूच होते. क्रेडिट कार्डाची बाकीही त्या सवलतीत होती. पुढे त्या काळातले व्याजावरचे व्याज परत देण्याचा निर्णय झाला, मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकालही आला. मूळ व्याज मात्र भरावेच लागले. व्याज चालू राहील, हे मूळ परिपत्रकात लिहिलेले होते, पण कानोकानी पोहोचताना तेवढेच वाक्य गळले.

म्हणून सल्ला ऐकला की पहिला प्रश्न विचारावा: हे कोणत्या तारखेचे? याचे सगळ्यात बोलके उदाहरण क्रेडिट कार्डाच्या व्याजाचे आहे. ‘कार्डावर वर्षाला ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही’ असे अजूनही सांगितले जाते. हे कुणी मनाने रचलेले नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जुलै २००८ मध्ये खरोखरच तसा निर्णय दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि २० डिसेंबर २०२४ रोजी तो रद्दच केला. आज त्या ३० टक्क्यांच्या भरवशावर कुणी बँकेशी वाद घालायला गेला, तर त्याच्या हाती काही लागणार नाही. कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे दसादशे ४२ टक्के, हा दर सर्रास दिसतो.

दुसरा प्रश्न: हे कोणत्या कार्डाबद्दल? किनाऱ्यावर हा घोळ नेहमी होतो, कारण मच्छीमारांनाही ‘कार्ड’ मिळते. किसान क्रेडिट कार्डाची योजना २०१८-१९ पासून मत्स्यव्यवसायालाही लागू आहे. त्यावर ठरावीक मर्यादेपर्यंत ७ टक्के व्याज असते, आणि वेळेत फेडणाऱ्याला आणखी ३ टक्क्यांची सूट मिळून ते ४ टक्क्यांवर येते. ही सूट वेळेत फेडणाऱ्यालाच आहे. तारीख चुकली की ती गेली. कर्जाची मर्यादा सरकार बदलत असते, म्हणून त्या वर्षीचा आकडा बँकेतच विचारावा. खरेदीच्या क्रेडिट कार्डाचा या योजनेशी काडीचा संबंध नाही. जाळी आणि डिझेलसाठी ४ टक्क्यांचे कार्ड मिळण्यासारखे असताना ४२ टक्क्यांचे वापरणे, यापेक्षा महाग चूक या धंद्यात क्वचितच असेल.

आता खरेदीच्या कार्डाचा हिशेब सावकाश पाहू, कारण सर्वाधिक अर्धवट सल्ले याबद्दलच असतात. ‘कार्डावर ४५-५० दिवस व्याज नाही’ हे वाक्य घ्या. समजा, ५ मे रोजी कार्डावर २०,००० रुपयांचे सामान घेतले. बिल २० मेला निघाले, भरायची शेवटची तारीख ८ जून. त्या दिवशी पूर्ण २०,००० भरले तर व्याज शून्य. इथपर्यंत सल्ला बरोबर. पण ओढाताण झाली म्हणून १९,००० भरले आणि १,००० राहिले, तर? कुणालाही वाटेल, हजारावर साडेतीन टक्के, म्हणजे ३५ रुपये. तसे होत नाही. बाकी राहिली की बिनव्याजी मुदतच रद्द होते, आणि बँकांच्या प्रचलित पद्धतीत व्याज खरेदीच्या दिवसापासून धरतात. २०,००० रुपयांवर ५ मे ते ८ जून या ३४ दिवसांचे सुमारे ७८२ रुपये. उरलेल्या हजारावर पुढच्या बिलापर्यंत १२ दिवसांचे १४ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, १४३ रुपये. हजार रुपये मागे ठेवण्याची किंमत झाली ९३९ रुपये. भरीला, बाकी असेतोवर नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत.

बिलावर ‘किमान देय रक्कम’ ठळक छापलेली असते. समजा २०,००० च्या बाकीवर ती १,००० आहे. महिन्याचे व्याज ७००, त्यावर जीएसटी १२६. हजारातले ८२६ यातच गेले, मुद्दल फिटले १७४. ‘किमान रक्कम भरली की झाले’ हा सल्ला उशिराचे शुल्क वाचवतो, कर्ज मात्र वर्षानुवर्षे ताणतो. असा इशारा बिलावर छापणे रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ च्या निर्देशांत बँकांवर बंधनकारक केले. तो बारीक अक्षरांत असतो, पण शोधून वाचावा.

त्याच निर्देशांतल्या तीन दिवसांच्या नियमाबद्दलही गैरसमज आहे. देय तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त उशीर झाला तरच बँक शुल्क लावू शकते, हे खरे. मात्र तो टप्पा ओलांडला की थकलेले दिवस मूळ तारखेपासूनच मोजतात. ‘बिनखर्ची हप्ता’ म्हणून विकले जाते त्याबाबतही नियम स्पष्ट आहे: मुद्दल किती, व्याज किती आणि सूट किती, हे वेगळे दाखवलेच पाहिजे. व्याज असतेच. ते कोणी सोसले, एवढाच प्रश्न.

तिसरा प्रश्न दराचा: किती टक्के, कशावर आणि किती काळाला? सावकार ‘शेकडा तीन’ म्हणतो तेव्हा ते महिन्याचे असते, वर्षाचे ३६ टक्के. दुकानदार किंवा एजंट ‘फक्त १० टक्के’ म्हणतो तेव्हा तो बऱ्याचदा सरसकट दर असतो. एक लाख रुपये, तीन वर्षे, १० टक्के सरसकट, म्हणजे व्याज ३०,००० आणि हप्ता ३,६११. पण मुद्दल दर महिन्याला घटत असताना व्याज पूर्ण लाखावर लावलेले असते. घटत्या बाकीवर मोजले तर तो दर जवळपास १८ टक्के भरतो. तोंडी ‘१० टक्के’ आणि बँकेचे घटत्या बाकीवरचे १४ टक्के यांत स्वस्त कोणते, हे आता वाचकानेच पाहावे. परवानाधारक सावकारासाठी महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली कमाल दर ठरवून दिलेले आहेत: शेतकऱ्याला तारणावर ९ आणि विनातारण १२ टक्के, इतरांना १५ आणि १८ टक्के, सगळे वर्षाला. यापेक्षा जास्त मागणाऱ्याची किंवा परवान्याशिवाय सावकारी करणाऱ्याची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात करता येते.

हे सारे तोंडी तपासण्यापेक्षा कागद मागणे सोपे. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांना प्रत्येक नव्या किरकोळ मुदत कर्जासाठी मुख्य तथ्य विवरण द्यावे लागते, तेही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. मराठीत मागण्याचा हक्क आहे, संकोच करू नये. त्यात वार्षिक टक्केवारी दर शोधावा. व्याजाबरोबर प्रक्रिया शुल्क, विमा वगैरे सगळा खर्च धरून तो काढलेला असतो, म्हणून दोन कर्जांची तुलना याच आकड्यावर करावी. विवरणात नसलेले शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. सात दिवस किंवा अधिक मुदतीच्या कर्जात त्या अटी किमान तीन कामकाजाचे दिवस खुल्या ठेवाव्या लागतात. ‘आजच सही करा, उद्या ऑफर नाही’ म्हणणाऱ्याला हे शांतपणे सांगावे. क्रेडिट कार्ड या २०२४ च्या नियमातून वगळलेले आहे, पण कार्डाच्या अर्जासोबतही एक पानी विवरण आणि महत्त्वाच्या अटी देणे २०२२ पासून सक्तीचे आहे. मोबाईल ॲपवरचे कर्ज असेल तर मागे कोणती बँक वा वित्त कंपनी आहे, ते आधी पाहावे. जे ॲप फोनमधले नंबर आणि फोटो मागते, ते तिथेच बंद करावे. नियमाने त्याला तसे मागताच येत नाही.

दिलेली माहिती चुकीची निघाली तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी आणि पोच घ्यावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याला पैसे पडत नाहीत, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

मच्छीमार संस्थांचे चेअरमन, बचत गटांच्या ताई, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, शिक्षक यांना एक विनंती आहे. लोक तुमच्या शब्दावर सही करतात. फलकावर कर्जाची माहिती लिहाल तेव्हा ती कुठून घेतली आणि कोणत्या तारखेची, हे खाली लिहा. दर वर्षाचा की महिन्याचा, तेही लिहा. आणि दरवर्षी मे महिन्यात, होड्या किनाऱ्याला लागण्याआधी, तो फलक पुसून नव्याने लिहा.